मेडिकेअर बंद होणार का? ग्रीन कार्डवरच्या आई-बाबांचं कव्हर कसं सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबांना २०२३ च्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डवर अमेरिकेत आणलं. बाबा आता ६७ चे, आई ६२ ची. दोघांचा विमा मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारी नियमांखालच्या विमा-बाजारातून, घेतलाय आणि या जानेवारीत, २०२६ मध्ये, प्रीमियमने एकदम उडी मारली. त्यात रोज नवी बातमी: मेडिकेअरला, म्हणजे पासष्टीपुढच्यांच्या सरकारी विम्याला, कात्री, स्थलांतरितांचं मेडिकेअर बंद. या धामधुमीत त्यांचं कव्हर टिकवायचं कसं, की त्यांना सरळ परत पाठवायचं?

मी इथे ज्येष्ठांना विम्याबाबत सल्ला देण्याचं काम बरीच वर्षं करते. या काळात आरोग्य सुधारणेच्या बऱ्याच लाटा पाहिल्या, त्यावरून माझं मत असं झालंय की म्हाताऱ्या माणसाचं कार्ड कोणी उघडपणे काढून घेत नाही. ज्येष्ठ मतदानाला हमखास बाहेर पडतात, हे प्रत्येक खासदाराला पाठ असतं. जे जातं ते आडवाटेने जातं. वयानुसार प्रीमियम किती वाढवता येईल ते प्रमाण बदलतं, सबसिडीची रेषा सरकते, नोंदणीची मुदत निसटते, राज्याकडचं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, आकसतं. घोषणा ऐकून घाबरणारी मंडळी नेमकी इथे गाफील राहतात.

याला अपवाद आहे आणि तो तुमच्या प्रश्नाला भिडतो, म्हणून तो आधी. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने कायदेशीरपणे राहणाऱ्या काही लोकांची मेडिकेअर पात्रता थेट काढली: निर्वासित, आश्रय मिळालेले, तात्पुरत्या संरक्षणावर असलेले. ज्यांच्याकडे आधीपासून मेडिकेअर आहे, त्यांचंही जानेवारी २०२७ च्या सुरुवातीला थांबेल. यातल्या कोणालाच केंद्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क नाही, हे लक्षात घ्या. ग्रीन कार्डधारक मात्र पात्रांच्या यादीत कायम आहेत. म्हणजे 'स्थलांतरितांचं मेडिकेअर बंद' ही बातमी खोटी नाही, पण ती तुमच्या आई-बाबांची नाही.

आता मागचा थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आजचे खाचखळगे कळत नाहीत. १९८८ साली मेडिकेअरमध्ये मोठी सुधारणा झाली होती. ज्येष्ठांच्या पदरच्या खर्चाला वार्षिक मर्यादा आणि बाहेरून घ्यायच्या औषधांना कव्हर, दोन्ही गोष्टी त्यात होत्या. पण सगळा पैसा ज्येष्ठांकडूनच उभा करायचं ठरलं, आणि बऱ्या उत्पन्नाच्या माणसाला वर्षाला ८०० डॉलरपर्यंत जादा भार पडणार होता. त्यातल्या अनेकांना जुन्या कंपनीकडून ते कव्हर आधीच मिळत होतं. मग ते चिडले. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत या कायद्यामागे असलेले खासदार डॅन रॉस्टेनकाउस्की यांची गाडी वृद्धांनी अडवली, तेव्हा त्यांना उतरून पायी काढता पाय घ्यावा लागला. वर्ष संपायच्या आत कायदा रद्द झाला. त्याची किंमत आजही चालू आहे: मूळ मेडिकेअरमध्ये पदरच्या खर्चाला अजूनही वरची मर्यादा नाही, आणि औषधांचं कव्हर म्हणजे पार्ट डी यायला २००६ उजाडलं. सुधारणा हाणून पाडली म्हणजे कव्हर वाचलं, असं नसतं.

२००९-१० ला, ओबामांचा आरोग्यविमा कायदा येत असताना, उलटी हवा होती. 'मेडिकेअरमधून ५०० अब्ज डॉलर काढून घेणार' असा ओरडा झाला. आकडा हवेतला नव्हता, पण पैसा निघणार होता तो रुग्णालयांच्या दरवाढीला लावलेल्या कात्रीतून आणि मूळ मेडिकेअरऐवजी घेता येणाऱ्या खासगी अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनना मिळणाऱ्या जादा रकमेतून. त्या काळी या प्लॅनना एका माणसामागे मूळ मेडिकेअरच्या तुलनेत सुमारे १४ टक्के जास्त दिले जात होते. ज्येष्ठांचे हक्काचे लाभ कमी झाले नाहीत. उलट औषधांच्या कव्हरमधली मधली पोकळी, जिला सगळे डोनट होल म्हणतात, ती टप्प्याटप्प्याने बुजवली गेली आणि वर्षाची तपासणी मोफत झाली. 'डेथ पॅनेल'चा गदारोळही तेव्हाचाच. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवे-नकोत, याबद्दल डॉक्टरांनी रुग्णाशी बोलावं आणि त्या वेळेचे पैसे मेडिकेअरने द्यावेत, इतकंच त्या कलमात होतं. ते गाळावं लागलं. २०१६ पासून मेडिकेअर तेच पैसे मुकाट देतं आणि आता कोणी ब्र काढत नाही.

हे सगळं ६५ च्या पुढचं. पण सुधारणेत खरा चेपला जातो तो पन्नाशी ते पासष्टीमधला माणूस, म्हणजे तुमच्या आईच्या वयाचा. त्याला मेडिकेअर अजून नाही, नोकरी बहुधा सुटलेली आणि शरीराच्या कुरबुरी सुरू झालेल्या. २०१० च्या त्याच कायद्याने त्याला दोन गोष्टी दिल्या. जुन्या आजारावरून विमा नाकारता येणार नाही ही पहिली, आणि सर्वात तरुण प्रौढाच्या प्रीमियमच्या तिपटीहून जास्त आकारता येणार नाही ही दुसरी. (न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयाप्रमाणे फरकच करू देत नाहीत, मॅसेच्युसेट्समध्ये दुप्पट ही मर्यादा.) २०१७ मध्ये जे पर्यायी विधेयक आलं, त्यात ही तिप्पट पाचपट होणार होती आणि सबसिडीही उत्पन्नाऐवजी मुख्यतः वयावर ठरणार होती. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने तेव्हा एक उदाहरण मांडलं होतं: ६४ वर्षांचा, २६,५०० डॉलर उत्पन्नाचा माणूस. जुन्या कायद्यात त्याच्या खिशातून वर्षाला १,७०० डॉलर जाणार होते, नव्यात १४,६००. जुने आजार नाकारण्याची मुभा थेट नव्हती, मेडिकेअरच्या लाभांना हात लावलेला नव्हता, तरी निम्म्याहून जास्त उत्पन्न प्रीमियममध्ये गेलं असतं. कुठलंही नवं विधेयक आलं की मी सगळ्यात आधी हे वयाचं प्रमाण शोधते. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालतं.

यंदा तुमचा प्रीमियम का उडाला त्याचं उत्तर याच पट्ट्यात आहे. २०२१ पासून मिळणारी वाढीव सबसिडी २०२५ च्या अखेरीस संपली. तिच्याबरोबर जुना कडा परत आला: दारिद्र्यरेषेच्या चारपटीच्या वर एक डॉलर जरी उत्पन्न गेलं तरी सबसिडी शून्य. यंदाच्या हिशोबात दोघांच्या कुटुंबाला ही रेषा ८४,६०० डॉलरवर आहे, पाच जणांच्या कुटुंबाला १,५०,६०० वर. साठीच्या माणसाचा मूळ प्रीमियमच जास्त असल्याने हा कडा त्यालाच सगळ्यात जास्त लागतो.

खालच्या बाजूचा दुसरा बदल तितकाच महत्त्वाचा, पण त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. नव्या ग्रीन कार्डधारकाला पहिली पाच वर्षं बहुतेक ठिकाणी मेडिकेड मिळत नाही. म्हणून कायद्यात एक सोय होती: उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलं तरी अशा माणसाला मार्केटप्लेसची सबसिडी मिळायची. १ जानेवारी २०२६ पासून ती सोय गेली. म्हणजे आई-बाबा स्वतंत्र टॅक्स रिटर्न भरत असतील आणि दोघांचं मिळून उत्पन्न २१,१५० डॉलरच्या आत दाखवलं असेल, तर मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही. पूर्ण प्रीमियम खिशातून.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न: आई-बाबा टॅक्समध्ये तुमच्यावर अवलंबून दाखवलेत का? दाखवले असतील तर सबसिडी तुमच्या संपूर्ण घराच्या उत्पन्नावर ठरते, त्यांच्या नव्हे. तुम्ही दोघं, एक मूल आणि ते दोघं असे पाच जण धरले आणि घराचं उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर सबसिडी संपली. सव्वा लाख असेल तर मिळू शकते. उलट ते स्वतंत्र रिटर्न भरत असतील तर त्यांचं भारतातलं उत्पन्न नीट मोजा. पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं या गोष्टी 'तिकडच्या' म्हणून बाजूला ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, आणि गंमत अशी की ते प्रामाणिकपणे दाखवल्यानेच कित्येक जोडपी २१,१५० ची रेषा ओलांडून सबसिडीला पात्र होतात. दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीपीएकडून, म्हणजे इथल्या सीएकडून, हे करून घ्या, कारण पेन्शनच्या प्रकाराप्रमाणे दोन देशांमधला कर-करार वेगळ्या तऱ्हेने लागू होतो. अंदाज मात्र ठोकून देऊ नका. पूर्वी सबसिडी जास्त घेतली गेली तर कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीवर मर्यादा होती. २०२६ पासून ती नाही, सगळी रक्कम परत करावी लागते.

आता बाबा. ते पासष्टीच्या पुढे आहेत, पण ग्रीन कार्डवर इथे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअरचा अर्ज करता येत नाही. म्हणजे २०२८ चा उन्हाळा. तोवर मार्केटप्लेसच. पाच वर्षं पूर्ण झाली तरी पार्ट ए, म्हणजे मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग, त्यांना फुकट मिळणार नाही, कारण त्यासाठी इथे दहा वर्षांचं काम, म्हणजे ४० क्रेडिट लागतात. भारतातली नोकरी त्यात धरत नाहीत, कारण दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा तसा करार नाही. तुमची क्रेडिट त्यांना वापरता येत नाहीत. नवरा-बायकोला एकमेकांची चालतात, मुलाची नाही. आणि नागरिकत्व घेतल्याने पार्ट ए मोफत होतं हा समज तर इतका पसरलाय की मी तो दर आठवड्याला खोडून काढते.

२०२६ च्या दराने पार्ट ए विकत घ्यायचा तर महिन्याला ५६५ डॉलर, पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, २०२.९०. दोन्ही मिळून ७६७.९०, औषधांचा प्लॅन वेगळा. एवढे भरायचे की मार्केटप्लेसच चालू ठेवायचा? पार्ट ए फुकट मिळत नसेल आणि मेडिकेअर घेतलेलं नसेल तर मार्केटप्लेस आणि सबसिडी पुढेही चालू ठेवता येते. पण इथे एक मेख आहे. पात्र झाल्यावर पार्ट बी पुढे ढकललं तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड, तोही जन्मभर. तीन वर्षं थांबलात तर आजच्या दराने महिन्याला सुमारे ६१ डॉलर जादा, आणि मूळ दर वाढेल तसा दंडही वाढतो. मार्केटप्लेसचा विमा होता ही सबब चालत नाही. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतलाच विमा त्यातून सोडवतो. पात्रतेच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन, अशी नोंदणीची सात महिन्यांची खिडकी असते. ती चुकली की पुढच्या जानेवारी ते मार्चची वाट पाहायची. त्या खिडकीची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.

इथेच भारतवारीचा मुद्दा येतो. अर्ज करताना सलग वास्तव्याची चौकशी होते. थंडीत सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहायचं आणि इथले पाच वर्षं मोजायचे, हे अंगाशी येऊ शकतं. मुक्काम आखूड ठेवा, पासपोर्टचे शिक्के, विमानाची तिकिटं, इथली बँक स्टेटमेंट जपून ठेवा. मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही, तेव्हा प्रवासाचा विमा वेगळा लागतोच. परत पाठवायचं का, हा निर्णय मी विम्यावरून घेणार नाही. पण तो घ्यायचाच असेल तर २०२८ च्या आधी की नंतर, याने हिशोब बराच बदलतो.

आईला हात-पाय हलवायची हौस असेल तर एक सुचवते. २०२६ मध्ये १,८९० डॉलर कमाईला एक क्रेडिट मिळतं, वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे ७,५६० डॉलरची अर्धवेळ, पगारपत्रकावरची नोकरी, डे-केअरमध्ये असो की शाळेच्या कॅफेटेरियात, वर्षाची चारही क्रेडिट देऊन जाते. तीस क्रेडिट जमली तरी पार्ट ए चा प्रीमियम ५६५ वरून ३११ वर येतो. चाळीस झाली तर तिच्या जोरावर बाबांचाही शून्य. रोख हातावर घेतलेलं काम यात धरलं जात नाही, हे वेगळं सांगायला नको.

मेडिकेअर हातात आल्यावर सुधारणेचा वारा दुसरीकडून लागतो. अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनची पत्रकं घरी येऊ लागतील, शून्य प्रीमियम, दात, चष्मा, जिमसकट. वाईट असतात असं नाही. पात्र लोकांपैकी निम्म्याहून जास्त आज त्यातच आहेत. पण सरकारने या प्लॅनना द्यायचे पैसे आवळले की कंपन्या आधी नेटवर्क छाटतात, फायदे कमी करतात, नाहीतर तो जिल्हाच सोडून जातात. तेव्हा मूळ मेडिकेअरकडे परतायचं म्हटलं तर मेडिकेअरने न भरलेला खर्च उचलणारा पूरक विमा, मेडिगॅप, लागतो. पार्ट बी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत मेडिगॅप कंपनीला नाही म्हणता येत नाही. नंतर मात्र आजारांची यादी बघून नकार देऊ शकतात. ही हमी कायम ठेवणारी राज्यं फक्त चार: न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसेच्युसेट्स, मेन. प्लॅनच गाव सोडून गेला तर पुन्हा हमी मिळते, पण कव्हर संपल्यापासून ६३ दिवस.

मी एका आजोबांच्या घरी बसून त्यांची पत्रं चाळत होते. जाहिरातींच्या ढिगात, न फोडलेल्या पाकिटात 'अ‍ॅन्युअल नोटिस ऑफ चेंज' निघालं. दुसऱ्या पानावर त्यांचं रक्त पातळ करायचं औषध वरच्या श्रेणीत गेल्याचं लिहिलं होतं. त्या दिवशी तारीख होती ३ डिसेंबर, आणि प्लॅन बदलायची मुदत ७ डिसेंबरला संपते. त्या चार दिवसांत काम झालं, पण ते पाकीट सप्टेंबरपासून तिथे पडलं होतं. प्लॅन बदलत असल्याची अधिकृत सूचना एवढीच असते. टीव्हीवर ती सांगत नाहीत.

औषधांच्या बाबतीत मात्र अलीकडची सुधारणा ज्येष्ठांच्या बाजूने झाली, हे मान्य करायला हवं. २०२२ च्या कायद्याने इन्सुलिनचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर बांधला, पार्ट डी मधल्या औषधांच्या पदरच्या खर्चाला वर्षाची मर्यादा आली (यंदा २,१०० डॉलर), आणि मेडिकेअरला काही औषधांच्या किमती घासाघीस करून ठरवता येऊ लागल्या. त्यातल्या पहिल्या दहा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. मधुमेहाच्या जानुव्हियाची ३० दिवसांची छापील किंमत ५२७ डॉलर होती, ठरलेली किंमत ११३. पुढे कोणी 'सुधारणा' म्हणून हे मागे घेऊ लागलं तर आवाज करावा असा हा मुद्दा आहे, कारण त्याचा फायदा थेट म्हाताऱ्यांच्या खिशात पोचतो.

सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते मेडिकेड. 'ते गरिबांचं, आपला काय संबंध' हे आपल्या लोकांचं ठरलेलं वाक्य. पण मेडिकेअर दीर्घकाळच्या सांभाळाचे पैसे देत नाही. पक्षाघातानंतर अंघोळ घालायला, जेवू घालायला माणूस लागला तर ते काम मेडिकेडचं, आणि नर्सिंग होममधल्या दहातल्या सहा रहिवाशांचा खर्च तेच उचलतं. २०२५ च्या कायद्याने मेडिकेडचा केंद्राकडून येणारा पैसा दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरने कमी केला. नर्सिंग होमचा खर्च देणं राज्यांना सक्तीचं आहे, घरी येऊन सांभाळणाऱ्यांचा बहुतांशी ऐच्छिक. तंगी आली की कात्री कुठे लागणार ते यावरून कळावं. आणखी एक बारीक बदल: अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांची बिलं मेडिकेड मागे जाऊन भरू शकतं, ती सवलत जानेवारी २०२७ पासून ज्येष्ठांसाठी दोन महिन्यांवर येईल. कोणी अचानक अंथरुणाला खिळलं तर अर्ज 'जरा स्थिरस्थावर झाल्यावर' करण्याची चैन उरणार नाही.

तुमच्या बाबतीत पाच वर्षांनंतरही अडचण राहते. तुम्ही स्पॉन्सर असल्याने मेडिकेडच्या अर्जात बऱ्याच ठिकाणी तुमचं उत्पन्न त्यांच्या नावावर धरतात. आई-बाबांना नागरिकत्व मिळालं की हे धरणं थांबतं. नागरिकत्वाचा विम्यातला खरा फायदा हा आहे. मग उत्पन्न कमी असलेल्या ज्येष्ठाला मेडिकेअरचे प्रीमियम भरायला मदत करणारा मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रामही खुला होतो आणि त्यातला क्यूएमबी हा प्रकार पार्ट ए चा प्रीमियमदेखील भरतो. म्हणजे ते ७६७.९० डॉलर काही घरांत शून्यावर येऊ शकतात. हा अर्ज सोपा करणारा नियम तयार होता. २०२५ च्या कायद्याने त्याचा मोठा भाग २०३४ पर्यंत गोठवला. लाभ कागदावर तसाच ठेवून त्याच्यापर्यंत जाणारी वाट खडतर करायची, ही आडवाटेची कपात.

तेव्हा या महिन्यात एवढं करा. टॅक्सचा आणि मार्केटप्लेसचा हिशोब एकत्र बसवा, आई-बाबांना अवलंबून दाखवून आणि न दाखवता, दोन्ही तऱ्हांनी. आईची पासष्टी २०२९ मध्ये आहे, बाबांची खिडकी २०२८ मध्ये. दोन्ही तारखा लिहून ठेवा. प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला सेवा असते. तिथले समुपदेशक प्लॅन विकत नाहीत, त्यामुळे कमिशनचा प्रश्न नसतो. आई-बाबांना सोबत घेऊन जा, औषधांच्या बाटल्या पिशवीत घालून, आणि दुभाषी हवा असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. मुलाने परस्पर केलेल्या निवडीतली औषधांची यादी निम्मी चुकीची असते.